नको म्हणजे नको

आमच्या घरात जेवणारा माणूस "नको" म्हणाला, की त्याचा अर्थ "अजून एकदा विचारा" असा होतो. दुसऱ्यांदा म्हणाला तर "अर्धी चालेल". मग तो ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून भाकरी आत सरकवायची. कोडोलीजवळच्या आमच्या गावात याला आग्रह म्हणतात आणि पाहुणा आग्रहाशिवाय उठला तर बातमी वेशीपर्यंत जाते. माझ्या पोटाचा घेर याच आग्रहावर पोसलेला आहे. डॉक्टर त्याला वेगळं काहीतरी म्हणतात, तो भाग सोडा.

अशा घरात माझी भाची राहायला आली. मेहुणे जहाजावर असतात. बहिणीला नर्सिंगच्या पुढच्या कोर्सला बंगळुरात जागा मिळाली. लग्न, बाळंतपण, सासूचं आजारपण, सगळं निस्तरून झाल्यावर मिळालेली जागा. म्हणून वर्षभरासाठी पोरगी मामाकडं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत नाव घातलं.

पुण्यात वाढलेलं शांत पोर. पहिल्याच रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "नको, पुरे."

झालं! माझी आई म्हणाली, "आगं, चिमणी बी ह्यापेक्षा जास्त खाती." बायकोनं तुपाची वाटी कलंडवली. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "दूध-भात घाला तिला." मी तर तिच्यासमोर बसून घास कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिकच करायचो. ती बघत राहायची आणि माझी तिसरी भाकरी संपायची. दिवसागणिक आमचा आवाज वाढला, तिचा घास लहान झाला. पुढं पुढं तर ताट समोर आलं की तिचे डोळे भरायला लागले.

बहीण रोज संध्याकाळी फोन करायची. "दादा, खरं सांग, जेवती का ती?"

"जेवती की."

"मग गाल कुठं गेले तिचे? व्हिडिओत दिसतंय मला." मग म्हणाली, "दिवाळीला येणार हाय मी. तोवर अशीच राहिली तर कोर्स सोडते. आत्ताच सांगून ठेवते."

आमची बहीण सांगून ठेवते ते करते. आता तिचा कोर्स माझ्या घरातल्या ताटावर येऊन अडकला होता.

शेवटी मी शाळेत गेलो. वर्गाच्या बाईंना म्हटलं, "पोरगी काहीच खात न्हाय हो." बाई बघतच राहिल्या. "आमच्यात तर खाते की! उद्या तुम्हीच या चव घ्यायला."

शाळेत दुपारचं जेवण मुलांना वाढायच्या आधी एक पालक आणि एक शिक्षक खाऊन बघतात, अशी पद्धत आहे. आता गावात एवढे पालक असताना मलाच बोलावलं, ते माझ्या पोटाचा अनुभव बघून, असं बायकोचं म्हणणं. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळची न्याहारीही टाळली. जागा नको का ठेवायला?

शाळेमागच्या खोलीत दोन मावश्या पातेल्यांशी झटत होत्या. मसालेभात, मटकीची उसळ, आणि परसबागेतल्या शेवग्याच्या शेंगा घातलेली आमटी. एका मावशीनं ताटलीत थोडं थोडं वाढलं. पहिल्याच घासाला माझी मान डोलली. तरी कोल्हापूरच्या माणसाला बोलल्याशिवाय राहवतंय होय?

"आमटीत चटणी जरा कमी हाय."

"पहिलीची पोरं खात्यात पावणं, पैलवान न्हाईत." मग तिनं डाव उचलला. "अजून देऊ?"

जिभेची सवय. मी म्हटलं, "नको नको, बास की."

"बरं," म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

मी ताटली हातात धरून तसाच उभा. आता परत विचारेल, मग विचारेल. ती आपली केळ्यांचे घड मोजायला लागली. उभ्या आयुष्यात माझ्या "नको"चा अर्थ "नको" असा कुणी घेतला नव्हता. उपाशी पोटी मला ते फार लागलं.

तेवढ्यात घंटा झाली.

नळावर हात धुऊन मुलं आली आणि व्हरांड्यात रांगा धरून बसली. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा त्याचा मुलगा, आणि त्याच्याच शेतात जिची आई तण भांगलायला जाते ती मुलगी, मांडीला मांडी लावून. तोच भात, तोच डाव. कुणाला कुणी विचारलं नाही की तू कुणाचा. पैसे नाहीत, उपकार नाहीत. जेवणाची वेळ झाली म्हणून जेवण, एवढंच. पहिला घास पडला आणि त्या एवढ्या कलकलाटाची एकदम शांतता झाली. एवढी शांतता मी फक्त कुस्तीच्या मैदानात, डाव बसायच्या क्षणी ऐकली आहे. माझ्या अंगावर काटा आला. हे रोज होतं? मी रोज या शाळेवरून दुकानाला जातो आणि भिंतीपलीकडं रोज एवढी मोठी पंगत उठते?

खांबाआडून मी भाचीला शोधलं. शिंप्याच्या मुलीशेजारी बसली होती. दोघींची ताटं जवळजवळ पुसलेली.

मावशी आली. "अजून?"

"नको," शिंप्याची मुलगी म्हणाली.

"नको," भाची म्हणाली.

मावशी पुढं सरकली. माझा पाय आपोआप उचलला गेला. अहो, असं कसं, जरा म्हणा की तिला! पण मी खांब धरून ठेवला. भाची शेजारणीशी काहीतरी कुजबुजली, हसली, तिनं ताटाकडं बघितलं. मग हात वर करून, पंगतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ मावशी! हिकडं वाढा की! मटकी!"

हिकडं! की! आमच्या घरात जिचा आवाज पंख्याखाली ऐकू येत नव्हता, ती ही. मटकी आली. भात आला. तिनं बोटं चाटली. तिच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं, माझ्याशिवाय. आणि मला काय झालं कळेना, मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होतो.

घरी येऊन मी आईला आणि बायकोला नियम सांगितला. एकदा विचारायचं, तिच्या ताटाकडं बघायचं नाही. आई म्हणाली, "ही काय माणसाची रीत झाली?" तरी त्या रात्री सगळे एका रांगेत बसलो. आई भिंतीवरच्या पालीकडं बघत होती. मी आमटीत तोंड घातलं होतं.

"अजून?" बायकोनं भाचीला विचारलं.

"नको."

"बरं," बायको म्हणाली. पोतं उचलताना निघावा तसा तिचा आवाज झाला. मग माझ्याकडं वळली. "तुम्हाला?"

"नको," मी म्हणालो. सवयीनं.

"बरं," म्हणाली आणि भाकरीची बुट्टी झाकली.

भाचीनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. तेवढ्यात फोन वाजला. बहीण. मी स्पीकर चालू करून फोन भाचीसमोर धरला.

"जेवलीस का गं?"

"थांब आई." पोरीनं मान वळवली. "मामी, आमटी वाढा की. आणि अर्धी भाकरी."

आईचं तोंड उघडलं. बायकोनं तिचा गुडघा दाबला.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. "दादा, दिवाळीची तिकिटं काढते," बहीण म्हणाली. "यायचं आणि परत जायचं, दोन्ही."