रिकामी बाबागाडी

बाबागाडी घ्यायची असं सुनेनं जाहीर केलं तेव्हा मला रागच आला. नात दोन वर्षांची झाली ती माझ्या कडेवर. सून नांदेडला ऑफिसात, मुलगा कॉलेजात शिकवायला, आणि मी मुखेडच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांच्याकडं राहायला आलेली. लेकराला आजीची कड असताना चाकं कशाला? पण हैदराबादजवळच्या एका मोठ्या पार्कात दिवस काढायचा बेत ठरला होता. तिथं आकाशपाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ सगळं होतं. शेजारीण नुकतीच जाऊन आलेली. "चालून चालून पायाचे तुकडे पडतेत बघा," असं ती सांगून गेली.

ते ऐकून माझा हात गुडघ्यावर गेला. माझा उजवा गुडघा बरेच दिवस कुरकुरत होता आणि हे फक्त मला ठाऊक होतं. घरात चालायचं म्हणजे सोपं असतं. भिंत असते, ओटा असतो, दाराची चौकट असते. हात टेकत टेकत गेलं की कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी काठी घ्या म्हटलं, ते मी डॉक्टरांकडंच ठेवून आले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लपवायला कारण होतं. जळकोटला माझी थोरली बहीण असते. एका लग्नात ती मांडवात चालता चालता धपकन खाली बसली, एवढंच. पुढच्या लग्नाच्या वेळी तिच्या पोरांनी गोड बोलून सांगितलं, "आई, तू घरीच थांब, कशाला दगदग." त्या दिवसापासून घराची किल्ली तिच्या कमरेला आणि बाकी सगळे गाडीत. 'तू घरीच थांब' या बोलण्यात वाईट काही नाही, म्हणून तर त्याला उत्तर देता येत नाही. ते मला ऐकायचं नव्हतं. पार्कातला एक दिवस न लंगडता निभावला की सुटले, असं मी मनाशी धरून बसले होते.

बाजारात लहान लेकरांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार उदगीरकडचा, बोलायला गोड. त्यानं एक बाबागाडी सर्रकन ढकलत आमच्यापुढं आणली. मी तिथंच ओरडले, "ओ, रिकामी नका फिरवू! रिकामा पाळणा हलवतं का कुणी?"

रिकामा पाळणा हलवला की लेकराला बाधतं म्हणतात. मी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली, तरी ही गोष्ट काही माझ्यातून गेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. पाळण्याला जो नियम तोच चाकं लावलेल्या पाळण्याला.

"हाव मावशी, चुकलंच," म्हणत दुकानदारानं गाडीत एक कापडी अस्वल बसवलं. मग ते अस्वल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत फिरत राहिलं.

मुलानं आधीच मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहून ठेवले होते. त्याला हलकी हवी होती, छत्रीसारखी मिटणारी. "आई, बघ, एका हातानं उचलते." मीही मान डोलावली. सुनेनं मात्र एकेका गाडीचा दांडा धरून पाहायला सुरुवात केली. नुसता धरून नाही, दोन्ही हात टेकवून ती अंगाचा भार टाकत होती. हलकी गाडी लगेच मागं कलंडली आणि अस्वलाचे पाय वर झाले.

"अगं, लेकरू बसणार हाय त्यात, तू काय लटकून राहिलीस?" मी म्हणाले.

"बघू द्या हो, आई."

शेवटी तिनं निवडली ती दुकानातली सगळ्यात जड. चाकं रुंद, दांडा उंच. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," मुलगा वैतागला, "बॅगा काय डोक्यावर घ्यायच्या?" सून हटली नाही. तिचं माहेर देगलूरचं. देगलूरची सगळीच माणसं अशी हट्टी असतात का, असं मी दुकानदारासमोर विचारूनही घेतलं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

पार्काच्या फाटकातून आत शिरलो आणि मी गाडीचा दांडा हातात घेतला. थोडं चालले आणि नवल वाटलं. दांडा नेमका माझ्या कोपराच्या उंचीला होता, आणि भार टाकला तरी गाडी हूं की चूं करत नव्हती. गुडघ्यावरचं ओझं हातांवर आलं. आजी नातीला फिरवतेय असं जगाला दिसत होतं आणि मला तेच हवं होतं. मुलगा म्हणाला, "आई तर आपल्याला मागं टाकून राहिली!" मी लई फुगले. सगळी सकाळ अशी मजेत गेली.

दुपारी नातीला पाणी दिसलं आणि तिनं भोकाड पसरलं. बापानं तिला उचलून खांद्यावर घेतलं, "तुम्ही या मागून," म्हणाला आणि दोघं उतारावरून पाण्याकडं निघून गेले. मी दांडा सोडला.

गाडी रिकामी होती.

आसपास भिंत नव्हती, कठडा नव्हता, लांबच लांब सपाट फरशी. मी दोन पावलं टाकली आणि गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"गाडी ढकला ना, आई," सून म्हणाली.

"रिकामी कशी ढकलू? पोरगी पाण्यात गेलीय."

"मग मी ढकलते."

"तूही नको." आता मला रडू यायला लागलं होतं, गुडघ्याचं आणि माझ्याच नियमाचं. मग वड्याचं तेल वांग्यावर. "एवढं जड धूड आणलंसच कशाला?" मी तिच्यावर खेकसले.

तिनं खाली वाकून गाडीच्या जाळीतून नातीच्या खिचडीचा स्टीलचा डबा काढला. तो टॉवेलमध्ये गुंडाळला, टोपरं घातल्यासारखं वरचं टोक दुमडलं, डबा गाडीत निजवला आणि दोन्ही पट्टे लावले.

"बारशाला वरवंट्याला पाळण्यात घालतात ना, तसंच हे," ती म्हणाली. "आता रिकामी न्हाई. धरा दांडा, टाका भार. ही कलंडत न्हाई, मी दुकानात बघून घेतलंय."

मी दांडा धरला. "तुला कधी कळलं?"

"दसऱ्याला. उंबऱ्याची पूजा करून उठताना तुम्ही मला पाणी आणायला धाडलं. मी आणलं, तुम्ही प्यायलाच न्हाईत."

"त्याला सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं, मग मी कशी सांगू?"

इतके दिवस या पोरीला मी हट्टी म्हणत होते, आणि ती दुकानात माझ्यासाठी दांडे तपासत होती. मला तिच्याबद्दल फार, फार जिव्हाळा वाटला. सासूला सुनेबद्दल वाटावा त्याहून जास्तच.

आम्ही उतारावरून हळूहळू खाली आलो. मुलगा ओल्या नातीला पुसत होता. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं. "डब्याला का झोपवलंय?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. सांगायचं की नाही हे तिनं माझ्यावर सोडलं होतं. मी सांगून टाकलं. "गुडघा गेलाय माझा. या गाडीच्या आधारानं सकाळपासून चालतेय."

त्याचा चेहरा उतरला. माझ्यावर त्याची माया आहे, यात शंका नाही. म्हणूनच तो म्हणाला, "मग सांगायचं ना, आई! तू घरीच थांबली असतीस. कशाला दगदग?"

आलंच शेवटी. बहिणीच्या पोरांचंच वाक्य.

"घरी थांबल्या असत्या तर मी कुणासंग फिरले असते?" सून म्हणाली. "तुम्ही बापलेक पाण्यात. मी काय एकटीनं डब्याला फिरवत बसायचं? आई न्हाई तर मीबी येणार नव्हते."

मुलानं लेकीला पुन्हा खांद्यावर घेतलं. मी दांड्यावर दोन्ही हात टेकवले आणि सगळ्यांदेखत पुरता भार टाकला.

"तुम्ही व्हा पुढं," मी त्याला म्हणाले. "आम्ही दोघी येतो सावकाश."