‘पाळणा’ म्हटल्यावर हे अडले

मंगळवारी दुपारी जेवणं उरकली आणि आमच्या नारायणगावच्या ओसरीवर एक भलतंच खूळ निघालं. धाकटे भाऊजी पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलेत, येताना प्रोफेसरांकडून एक स्टॉपवॉच मागून आणलंय. बटण दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो...

भाऊजी म्हणाले, ही खोटं पकडायची टेस्ट आहे. त्यांनी एक शब्द बोलायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द झटकन सांगायचा. मनात काही लपवलेलं असलं की माणूस अडतो आणि काटा पुढे जातो. तिकडे जर्मनीत म्हणे डॉक्टर लोक असे चोर ओळखतात.

आमच्या घरात चोर नाही. पण मला एक खोटं पकडायचं होतं.

मी यांची दुसरेपणाची बायको. पहिली ओतूरची, बाळंतपणात गेली, मूलही गेलं. रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात असतो. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं... सणाचा पहिला घासही तिचाच.

सासूबाई सांगतात, तिच्या भाकरीला काय पापुद्रा यायचा. माझ्याही भाकरीला येतो, पण बघतंय कोण? जिवंत सवत असती तर निदान तोंडावर भांडले असते. मेलेल्या बाईच्या हातून काही चुकतच नाही, त्याला काय करणार...

लग्नानंतर एकदा यांना विचारलं होतं, तिची आठवण येते का. “न्हाई,” म्हणाले आणि वैरण टाकायला निघून गेले. इतक्या घाईने नाही म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. आता मला सातवा लागलाय, लवकरच घोडेगावला माहेरी जायचं. जाण्याआधी मला कळायला हवं होतं की यांच्या मनात मी आहे, की अजून तीच.

भाऊजी ताक मागायला आत आले तेव्हा मी हळूच त्यांना शब्द पढवले. एक ओतूर. एक आंबा, कारण बांधावरचं झाड तिने लावलेलं. एक लुगडं, कारण तिचं एक हिरवं लुगडं यांनी अजून ट्रंकेत ठेवलंय, आणि ते मला माहीत नाही असं यांना वाटतं.

“वयनी, दादाला कोड्यात घालताय व्हय,” भाऊजी हसत म्हणाले. पण शब्द घेऊन गेले.

मी दाराआड उभी राहिले. हे आधी नको नको म्हणत होते, मग बसले. विळा म्हटल्यावर गवत म्हणाले, ओतूर म्हटल्यावर बाजार. आंब्याला लोणचं, लुगड्याला चोळी... कुठेही अडले नाहीत, भाऊजींचा काटा हलतोय न हलतोय तोच उत्तर.

खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण नाही पडला. उलट वाटलं, किती सफाईने लपवतायत.

मग भाऊजींनी स्वतःच्या मनाने एक शब्द टाकला... पाळणा.

हे गप्प. काटा आपला फिरतोय, भाऊजी एकदा घड्याळाकडे बघतायत, एकदा यांच्याकडे. शेवटी “बैलांस्नी पानी दावायचंय,” असं पुटपुटत हे उठले आणि ओसरी उतरून गेले.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सापडलं होतं खोटं! इथे माझ्या पोटात यांचं मूल, आणि पाळणा म्हटल्यावर यांना आठवतो तो तिचा...

तशीच गोठ्यात गेले. म्हटलं, “अजून तीच हाय न्हवं मनात?”

हे बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “हाय. तवा न्हाई म्हनलो, ते तुला वाईट वाटू नये म्हून.”

मला रडूच फुटलं. इतके दिवस मला हेच कबूल करून घ्यायचं होतं, आणि कबूल केल्यावर सोसवेना.

“पर मगाशी ती न्हाई आली डोळ्याम्होरं,” हे म्हणाले. “तू आलीस. तिच्या येळेला ओतूरहून निरोप आला तवा मी खळ्यावर व्हतो. वाटलं, बायकांचं काम, आपुन जाऊन काय करनार. मळनी उरकून गेलो... तवर समदं आटपलं व्हतं.”

मी पदराने डोळे पुसले.

“आता म्या बी येनार घोडेगावला,” हे म्हणाले. “तू मोकळी व्हईस्तवर तितंच ऱ्हानार.”

बायकोच्या बाळंतपणाला जावई सासुरवाडीत जाऊन बसतो, असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. माझी आई तोंड कुठे लपवेल, सासूबाई तर घर डोक्यावर घेतील. मी तसं म्हटलं, तर हे म्हणाले, “हसू दे लोकांस्नी. म्या लई भ्यालोय.”

खोटं कशाला सांगू... पहिला विचार माझ्या मनात आला तो हाच, की तिच्यासाठी नव्हते गेले, माझ्यासाठी येणार. क्षणभर अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

मग लक्षात आलं, तिच्या वेळी पोचले नाहीत म्हणूनच तर माझ्या वेळी येतायत. हा घाबरणारा, लोकांची पर्वा न करणारा नवरा तिला मिळालाच नाही. तो मला मिळाला, तोही तिच्या जिवावर. उपकार आहेत तिचे, आणि मी ते मानते... पण सवतीचे उपकार मानणं किती जड जातं, ते दुसरेपणावर दिलेल्या बाईलाच विचारा.