कांद्याच्या फुलावर बसणाऱ्या माश्या आणि आमच्या मॅडम

आधीच सांगतो, शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. मी नववीत शाळा सोडली. शब्दही साधेच आहेत, कारण दुसरे मला येत नाहीत. पण तीन हंगाम रेवती मॅडमबरोबर कांद्याच्या शेतात काढले आणि एवढे किस्से साठले की चहाच्या टपरीवर एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप पुढे येतो. मित्र म्हणाले, "लिहून काढ राव, न्हाईतर विसरशील." म्हणून लिहितो.

मॅडम पुण्याच्या. कांद्याचं बी धरायला कोणत्या मधमाश्या उपयोगी पडतात, यावर त्यांचं संशोधन. आमच्या जुन्नर भागात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला डोंगळा म्हणतात. त्याला उंच दांडा येतो आणि टोकाला पांढरा गोल गोंडा फुलतो. त्या गोंड्यावर कोण येतं, किती वेळ बसतं, ते मोजायचं. एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं!

*

मला कामावर घेतलं त्या दिवसाची गोष्ट.

माझं गाव शिनोली. माझे आजोबा भीमाशंकरच्या रानात मध काढायचे, त्यामुळे माश्यांची ओळख होती. कोणीतरी सांगितलं, पुण्याच्या बाईंना माणूस हवाय. मी गेलो. माझ्या आधी आलेला मुलगा पदवीधर होता आणि सारखा इंग्रजीत बोलत होता. मला घाम फुटला.

मॅडमनी मला मार्क विचारले नाहीत, शाळा विचारली नाही. फक्त म्हणाल्या, "दहा मिनिटं न हलता, न बोलता बसता येईल?"

मला उत्तर काय द्यावं तेच सुचेना. लाजून तसाच मान खाली घालून बसलो. मॅडम त्यांचं काहीतरी लिहीत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी घड्याळ बघितलं.

"बारा मिनिटं झाली. सोमवारपासून या!"

*

आमचं शेत निमगाव सावाला, नामदेवआप्पांचं. आप्पा म्हणजे तोंडाने फटकळ माणूस. पहिल्या दिवशी मॅडम छोट्या स्टुलावर, डोक्याला ओढणी बांधून, एका गोंड्यासमोर बसल्या. हातात मोजायचं मशीन. माशी बसली की टक्, दुसरी बसली की टक्. बांधावर ही गर्दी!

एकाने विचारलं, "बाई, काय हरवलंय का?"

"नाही हो. माश्या मोजतेय."

आप्पांनी तंबाखू मळत सगळ्यांना सांगितलं, "मोजू द्या. पन बाई, जाताना पुन्ना मोजून द्यायच्या. एक जरी कमी निघाली तर आळ तुमच्यावर!"

*

काही गोंड्यांना फुलायच्या आधीच जाळीची पिशवी बांधायची असते, म्हणजे माशी आत जात नाही. मग उघड्या गोंड्यात किती बी भरलं आणि बांधलेल्यात किती, ते ताडून बघायचं. पहिल्या वर्षी पिशव्या कमी पडल्या. बेल्ह्याचा बाजार होता, आम्ही तिकडे गेलो. एका माणसाकडे मच्छरदाणीचं कापड होतं. मॅडमनी सगळा तागा मागितला.

तो म्हणाला, "घरात माणसं तरी किती हैत ताई?"

मॅडम त्यांच्या हिशोबात गुंतलेल्या. "माणसं नाहीत, फुलं आहेत. सगळ्यांना एकेक शिवायचीय."

त्याने कापड गुंडाळलं. मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "पावणं, तुमी जवळचे का? लवकर डॉक्टरला दाखवा. बरं हुतं असलं."

*

एकदा मॅडमना आग्या माशी चावली. डोळ्याच्या अगदी खाली. आग्या चावली म्हणजे काय, ते आम्हा रानातल्या माणसांना विचारा! डोळा बघता बघता बंद झाला. मी धावत गेलो. मॅडमनी हाताने थांब म्हणून खूण केली, कारण एका गोंड्यासमोर दहा मिनिटं मोजायचं असतं, त्यातली दोन मिनिटं अजून बाकी होती. एका डोळ्याने त्यांनी ती पूर्ण केली. टक्. टक्. मग उठल्या.

आप्पांच्या बायकोने, आक्कांनी, पळत जाऊन चुना आणला. लावता लावता म्हणाल्या, "ही चावलेली पन मोजली का?"

मॅडम कण्हत म्हणाल्या, "नाही आक्का. ती फुलावर बसलीच नाही ना."

मला हे फार आवडतं. मी कुठे कुठे हा किस्सा सांगितला, तर लोक हसतात. मला हसू येत नाही. माणसाने मोजावं तर असं, असं वाटतं.

*

दुसऱ्या वर्षी मॅडमनी आप्पांच्या अंगणात सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. भाषण नाही, चार्ट नाही. दोन वाट्या ठेवल्या. एकीत उघड्या गोंड्यांचं बी, दुसरीत तेवढ्याच बांधलेल्या गोंड्यांचं. पहिली वाटी काळ्याभोर बियांनी भरलेली. दुसरीचा तळ सुद्धा झाकला नव्हता.

आप्पा पुढे झाले, दुसऱ्या वाटीत बोट फिरवलं.

"इतकी वर्सं मला वाटायचं, बी मीच काढतो."

आप्पांच्या तोंडून असं वाक्य कधी कोणी ऐकलं नव्हतं!

मग मॅडम म्हणाल्या, फुलोऱ्यात शक्यतो औषध मारू नका. मारावंच लागलं तर दिवस मावळल्यावर मारा, तेव्हा माश्या घरी गेलेल्या असतात. मागून एकजण ओरडला, "मावळतीला फवारायचं तर आमी सिरियल कवा बघायची?"

त्याची बायको बायकांत बसली होती. तिथूनच म्हणाली, "तुमी फवारा. मी बघून सांगते की काय झालं ते!"

त्या वर्षीपासून तो खरंच मावळतीला फवारतो.

*

आता यंदाचा, म्हणजे तिसऱ्या हंगामाचा किस्सा.

हा हंगाम शेवटचा होता. तिन्ही वर्षांचे आकडे जुळले की मॅडमचा प्रबंध पुरा होणार होता. त्या नारायणगावला खोली घेऊन राहायच्या आणि आठच्या सुमारास शेतावर यायच्या. एके दिवशी मला रस्ता मोकळा मिळाला आणि मी बराच आधी पोचलो. बघतो तर आक्का डोंगळ्यात.

आमच्याकडे बी धरणाऱ्या घरात बायका सकाळी गोंड्यांवरून तळहात फिरवतात. या गोंड्याचा पराग त्या गोंड्याला लागतो, बी चांगलं भरतं म्हणतात. आक्का लग्न होऊन आल्यापासून हे करतात. मॅडमना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी बांधलेल्या गोंड्यांना हात लावायचा नाही, असं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

आणि आक्का जाळीच्या पिशवीची गाठ सोडत होत्या. पिशवी काढली, गोंड्यावरून हात फिरवला, पिशवी परत घातली, गाठ होती तशी मारली. पुढच्या गोंड्याकडे गेल्या.

"आक्का, हे काय?"

त्या दचकल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "गेल्या साली त्या वाटीत काय व्हतं, तू बघितलं न्हवं? येवढी पुण्यावरनं येती, उन्हात बसती, माशीनं डोळा सुजवला बिचारीचा. आनि आमच्या शेतातनं रिकामी वाटी घिऊन जायची? मला लई लाज वाटली."

"पण आक्का, ती रिकामीच पाहिजे होती!"

"असं कुटं असतंय व्हय?" आणि मग जवळ येऊन, "तू बाईला सांगू नगं. माझी आण हाय."

आठला मॅडम आल्या. त्या हंगामात पहिल्यांदाच त्या पिशव्या तपासायला लागल्या. एका पिशवीत बोंडं टपोरी भरलेली. दुसरीत तशीच. तिसरीत पण! मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या पुण्याला त्यांच्या सरांना फोन लावला.

"सर, पिशवीतल्या गोंड्यांना बी धरलंय! माशीशिवाय! काहीतरी नवीन आहे सर. उद्या आकडे पाठवते."

आक्का बांधावर माझ्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मला कोपर मारून म्हणाल्या, "बघ, कशी हसली!"

मी दिवसभर माश्या मोजल्या. दोन वेळा मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "पाणी हवंय का?" आणि मी हो म्हणालो. नको असलेलं पाणी पिऊन परत आलो. त्या उद्या खोटे आकडे पाठवणार होत्या, ते फक्त मला माहीत होतं, आणि आक्कांची आण गळ्यात होती. गाडीवरून शिनोलीला जाताना सगळा रस्ता मी तोंडाने वाक्य जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत मी निमगाव सावाला पोचलो. खिशात आईच्या पेटीतला लाल दोरा होता.

"आक्का, मी काही सांगत नाही. तुम्ही हात लावलेली एकेक पिशवी दाखवा. मी दोरा बांधतो."

आक्कांनी दोऱ्याकडे बघितलं. मग चालायला लागल्या. "ही. ही पन. ही." आम्ही सगळी ओळ फिरलो. पाटाच्या कडेला आल्यावर त्या थांबल्या. "तिकडं चिखुल व्हतो. माझा गुडगा दुखतोय, तिकडं न्हाई गेले मी."

तेवढ्या पिशव्या बिनदोऱ्याच्या राहिल्या.

मॅडम आल्या. लाल दोरे बघून विचारलं, "हे काय?"

मी आक्कांकडे बघितलं. आक्का खाली बघत म्हणाल्या, "माझा हात लागलाय बाई त्यांना. रोज सकाळी. ह्याला रागवू नका, ह्यानं न्हाई सांगितलं."

मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्यांनी फोन लावला. "सर, काल सांगितलं ते नवीन नाही. पिशव्या उघडल्या गेल्या होत्या. हो, बऱ्याचशा. थोड्या वाचल्यात. पुरणार नाहीत, अजून एक हंगाम काढावा लागेल." तिकडून बराच वेळ बोलणं आलं. मॅडम फक्त हो, हो म्हणत होत्या.

फोन ठेवला आणि आक्कांकडे वळल्या. आक्कांचे डोळे भरलेले.

"आक्का, हात कसा फिरवता? दाखवा ना मला."

आक्कांनी घाबरत घाबरत गोंड्यावरून हात फिरवला. तळहात पिवळा झाला. मॅडमनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, भिंगाखाली धरला. मग मला म्हणाल्या, "नवीन तक्ता काढ."

आमच्या तक्त्यात पहिला रकाना असतो, 'फुलाला कोण भेट देतं'. त्यात आग्या, सातेरी, फुलोरी अशी माश्यांची तीन नावं छापलेली. मॅडम घड्याळ लावत म्हणाल्या, "खाली चौथी ओळ आख."

मी पट्टीने ओळ आखली, आणि लिहिलं, 'आक्का'.