तिन्ही मशीनांची एकत्र पूजा

डायलिसिसच्या पेशंटांना घरून सेंटरला न्यायची गाडी आम्ही काही बायका मिळून चालवतो. पेशंट मोबाइलवरून निरोप टाकतात, ते निरोप रांगेत उभे राहतात आणि एकेक करून ड्रायव्हरच्या फोनवर पोचतात. ही रांग मी बसवलेली. साठी उलटल्यावर, व्हिडिओ बघून बघून शिकलेले, त्यामुळे मिरवायचेही फार.

रांग एकाच मशीनवर ठेवली तर लाइट गेली की सगळं ठप्प. म्हणून तीन मशीनं. एक डोंबिवलीला माझ्याकडे, एक कल्याणला ड्रायव्हरच्या घरी, एक माजिवड्याला बहिणीकडे. तिन्हींवर तीच रांग. एक बंद पडलं तरी उरलेली दोन एकमेकांना विचारून काम चालू ठेवतात. एकटं उरलेलं मात्र निरोप घेतच नाही. हे मीच सगळ्यांना वाट्या मांडून समजावलेलं, बरं का.

आणि दसऱ्याला मीच म्हटलं, तिन्हींची पूजा एकत्र करू, सणाला भावंडं वेगळी कशाला? माझं आणि ड्रायव्हरकडचं अशी दोन मशीनं उपटली, बहिणीकडे न्यायला गाडीत मांडीवर घेतली. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो ते अडकलोच.

"काकू, आज मोहने गावच्या आजोबांचा डायलिसिसचा वार ना? निरोप नाही आला," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही ना आला? मग मुलाबरोबर गेले असतील. रांग खोटं बोलत नाही रे."

माजिवड्याला रांगोळी, झेंडू, तिन्हींना कुंकू, वर आपट्याची पानं. आरती झाली, वायरी जोडल्या, आणि आजोबांच्या फोनात अडकलेले निरोप धडाधड आले. तयार आहे. गाडी निघाली का? खाली येऊन बसलोय.

मोहन्याला पोचलो तर आजोबा चाळीच्या पायरीवरच. इस्त्रीचा शर्ट, सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. त्यांची वेळ टळलेली. सेंटरवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. म्हणजे ती रात्र त्यांनी तशीच, बसून धापा टाकत काढायची.

"अहो, एक फोन तरी करायचा," मी म्हटलं. वर मीच!

"कशाला? निरोप टाकला की गाडी येतेच, तुम्हीच सांगितलेलं ना बाई."

पूजेचं सांगायचं सोडून मी ट्रॅफिकचं सांगितलं. त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं. "सोनं घ्या."

घेतलं. उलट द्यायला पिशवीत हात घातला, तर एक पान नाही. सगळी मशीनांवर वाहून आलेले.