श्रीधर आणि बंद पेटी

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापूरला भाचीकडे होतो. एसटीनं रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चाळीस वर्षांचा मित्र, आणि शेवटचे तीन महिने मी त्याच्याकडे फिरकलोही नव्हतो... महिना झाला, ते मनातून जात नाही.

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत त्याचं आयुष्य गेलं. संध्याकाळी आमच्या भजनी मंडळात पखवाज. मी सबवूफर, म्हणजे खालचे जड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यानं माझ्या खोलीत टाळी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "बंद पेटीचाच घे. पेटीला भोक असलेला घेतलास तर दणका मोठा मिळेल, पण या एवढ्याशा खोलीत पखवाज नुसता घुमेल. बोल कळायचे नाहीत, मेल्या." मला दणकाच हवा होता. तू पखवाज सांभाळ, खरेदीचं मी बघतो, असं मंडळातल्या चौघांसमोर त्याला सुनावलं आणि चिपळूणहून भोकाचाच उचलून आणला.

आठ दिवसांत आमच्या हिचं डोकं उठलं. खिडक्या थरथरायच्या, बोल खरंच कळेनात. शेवटी त्या भोकात जुना टॉवेल कोंबला, तेव्हा आवाज ताळ्यावर आला. पण तुझंच खरं होतं, एवढं म्हणायला जीभ रेटेना. आम्ही पडलो तरी नाक वर! दर रविवारी सकाळी श्रीधर चहाला यायचा. त्याची चप्पल अंगणात वाजली की मी टॉवेल उपसून गादीखाली सारायचो आणि आवाज वाढवायचो. मस्त वाजतो ना, असं वर विचारायचो. तो मान हलवायचा आणि कप अर्धाच ठेवून उठायचा. मग त्याचं येणंच थांबलं. रुसला असेल, रुसू दे, आपण का आधी जायचं, असं म्हणत मी दिवस काढले.

तेराव्यानंतर श्रीधरच्या बायकोला, वहिनींना, हे सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"त्यांना ठाऊक होतं, भावोजी. गल्लीत असताना आवाज घट्ट यायचा, दार गाठलं की सुटायचा. म्हणायचे, मी त्याच्याकडे गेलो की त्याच्या बायकोला उगाच धडधड सोसावी लागते. आता तोच येऊ दे इकडे."

पुढे त्या म्हणाल्या, "रविवारी दोन कप टाकायला लावायचे. दहापर्यंत वाट बघायचे, मग दुसराही स्वतःच प्यायचे... गार झालेला."

आमच्या दोन घरांत एवढी एक गल्ली आहे. मी गेलो नाही.