बसून जाणाऱ्या माणसाचं माप

अंबाजोगाईत एका मेडिकलच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस होतं. मी नुकतीच औरंगाबादहून आर्किटेक्चर करून आलेले, डोक्यात भलतीच हवा. बाकीचे अजून ट्रेसिंग पेपरवर ब्लेडने रेघा खरवडत होते आणि माझ्याकडे पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर होतं. त्यात भिंती नुसत्या काढायच्या नसत, त्यांची एकमेकींशी नाती बांधायची. न्हाणीघर आठ इंचांनी वाढवलं की शेजारची खोली आपली आपण सरकायची, दारं-खिडक्या तिच्या मागोमाग जायच्या. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि ते कौतुक मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सिरसाळ्याचे आप्पा असेच आले. लिंगायत वाणी, धान्याची आडत, बाजाराच्या बोळात भाड्याच्या खोल्यांत सगळा जन्म गेलेला. आता रस्त्यालगत प्लॉट घेतला होता. पुढे मुलाचं दुकान, मागे घर, असं त्यांच्या मनात होतं.

घर कसं हवं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कसंबी करा. माजं एकच हाय. मधल्या खोलीतून रस्त्यापत्तुर मला बसून, सरळ जाता आलं पायजे."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्यात मयत झोपवून नेत नाहीत, खुर्चीत मांडी घालून बसवून बाहेर काढतात. बायको गेली तेव्हा बोळातल्या त्या खोल्यांच्या वळणावर खुर्ची अडकली आणि तिला तिरपं करावं लागलं. "मान पडली तिची, सगळ्यांदेखत. पोत्यावानी कलती केली आमी तिला."

एवढं बोलून ते माझ्या खुर्चीत मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. "घ्या माप. लेकीवानी हाव तुमी, लाजू नका."

मी टेप लावला. या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत, बैठकीपासून टोपीपर्यंत. त्यांचा श्वास इतका हळू चालला होता की आकडा मला दोनदा वाचावा लागला. दोन्ही अंगांना उचलणारी माणसं धरून साडेचार फूट झाले. मी पाच फुटांचा पॅसेज धरला.

मॉडेलमध्ये मी त्या मापाचा एक ठोकळा केला आणि तो अडथळ्याविना बाहेर गेला पाहिजे, ही अट सगळ्यांत वर ठेवली. मग स्वयंपाकघर वाढवा, जिना फिरवा, काहीही करा, सगळं घर त्या ठोकळ्यापासून अंग चोरून सरकायचं. त्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं, आणि एक जण आधीच निघाला होता.

आप्पा दर आठवड्याला यायचे. "मला जाताना दावा," म्हणायचे. मी ठोकळा मधल्या खोलीतून पुढे न्यायचे, तो पॅसेजमधून दाराबाहेर जाऊन थांबायचा. "आनिक एकदा." ते पडद्यावर बोट टेकवायचे तेव्हा काच चटचटायची. भर दुपारी, खाली गिऱ्हाइकांचा गलका चालू असतानाही, ते गेल्यावर मला त्या खोलीत एकटं बसवेना.

तुरीच्या हंगामात ते आडतीत अडकले, तेव्हा त्यांचा मुलगा एकटाच आला. त्याला एसटीडीची काचेची केबिन आणि झेरॉक्सचं मशीन बसवायचं होतं. दुकानाला दीड फूट कमी पडत होता.

"पॅसेज आवळा ना, ताई."

"आप्पांना विचारलंत का?"

"त्येंना कावून विचारायचं? जित्या मान्साला दुकान लागतं."

मला त्याचं पटलं, हेच वाईट. मी आकडा बदलला. ठोकळा लाल झाला आणि बसत नाही असा इशारा पडद्यावर आला. मी ठोकळाच काढून टाकला. घर गुपचूप मिटून आलं, जणू तिथे कधी कुणी नव्हतंच.

बांधकाम सुरू झालं. एक दिवस मी आणि मुलगा साइटवर असताना आप्पा आले, लोखंडी खुर्ची मागवली, मांडी घालून बसले आणि दोन गवंड्यांना म्हणाले, "उचला." कुणी हसलं नाही. मधल्या खोलीच्या जागेतून दहा पावलं गेली आणि उचलणारे पॅसेजच्या भिंतीला घासून थांबले.

"तिरपं करावं लागंल," एक गवंडी म्हणाला.

"उतरा खाली." आप्पांनी मुलाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "पाच फूट व्हतं ना, ताई?"

मुलगा खाली बघत होता. माझ्या तोंडून गेलं, "भिंत कॉम्प्युटरनेच सरकवली असेल, आप्पा. तो आपोआप करतो."

"आन् मी? मी हाय का त्यात?"

"नाही," मी म्हणाले. निदान ते तरी खरं होतं.

मला वाटलं, चिडतील. त्यांनी फक्त मान हलवली. "मशीनला कळलं असंल मग. मी हितून जानार न्हाई."

वास्तुशांतीला ते आले, जेवले आणि बोळातल्या खोल्यांकडे परत गेले. मुलाने पाय धरले, सुनेने धरणं धरलं, पण ते राहायला काही आले नाहीत. मशीनला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, असं सगळ्यांना सांगायचे. माझ्या कानावर यायचं ते. मी ते कधी खोडून काढलं नाही. माझ्या मशीनची सिरसाळ्यापर्यंत ख्याती झाली होती.

पुढच्या थंडीत ते बोळातच वारले. मी बसने गेले आणि बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिले. खुर्ची वळणावर आली, अडकली, आणि त्यांना तिरपं केलं. मान पडू नये म्हणून मुलाने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं होतं. त्याने वर बघितलं, मला बघितलं आणि नजर वळवली.

साइटवर मी खरं बोलले असते, तर भिंत पाडून दीड फूट मागे घ्यायला एक दिवस पुरला असता. ती तेव्हा कंबरेएवढीच होती.