देणारीच्या नावावर

बाईंनी उभं आयुष्य कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ते मोकळं सोडलं. वर्गात ते निदान बाकांना बांधलेलं होतं. आता भाजीवाल्याच्या सडक्या टोमॅटोंचं प्रमाण निघू लागलं, शेजारच्या आजोबांच्या "मी कधीच खोटं बोलत नाही" या विधानाची तपासणी होऊ लागली. आजोबांनी जिना उतरायची वेळ बदलली. भाजीवाल्याला ती सोय नव्हती.

घरात दोन खोल्या, एक बाई आणि एक भाची. भाऊ बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरायचा, म्हणून पोरगी शाळेपासून आत्याकडेच वाढली. आणि वाढली म्हणजे इतकी, की स्वयंपाकघरातल्या फळीच्या कडेला तिच्या कपाळासाठी कापड गुंडाळावं लागलं. या उंचीचं चीज वीज कंपनीने केलं. महिलांच्या बास्केटबॉल संघात घेतलं आणि वर कंत्राटी नोकरी दिली. दिवसा वाढीव बिलाच्या तक्रारी ऐकायच्या, संध्याकाळी बास्केटखाली उभं राहून धक्के खायचे. भाचीच्या मते दुसरं काम सोपं होतं.

बाई पहिल्यांदा सामन्याला गेल्या त्या नुसतं बघायला. पण नुसतं बघणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मध्यंतरापर्यंत त्यांनी प्रत्येकीचे गुण आणि चुका मांडायचा तक्ता आखला होता. हंगाम अर्धा होईतो तो कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर जाऊ लागला. फुकटचा तज्ज्ञ कुठलीही कंपनी नाकारत नाही. कोर्टाच्या कडेला बाईंसाठी गादीची खुर्ची आली. बाहेरगावच्या सामन्यांना मात्र त्या जात नसत, बसने कंबर धरायची. तिथले आकडे तिथलं कुणीतरी लिहायचं, आणि परक्याने मोजलेलं बाई मोजलेलं मानत नसत.

संघाचा कोच एके काळी त्यांचाच विद्यार्थी. त्यांच्या विषयात तो तिसऱ्या खेपेला सुटला होता, आणि तेव्हापासून आकड्यांशी त्याचं बोलणं बंद होतं.

"बाई, खेळाडू म्हणजे रोप असतं. वातावरण मिळालं की फुलतं."

"वातावरण कशाने मोजतोस? वाटीने?"

"ते जाणवतं, बाई."

"पेपर लिहितानाही तुला असंच काहीतरी जाणवायचं."

हा वाद वर्षभर सुखाने चालला असता. पण कंपनीत एक जागा कायम व्हायची होती, आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या दोघी होत्या: एक भाची, दुसरी संघाची गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून बाकीच्यांना खेळवणारी मुलगी. जिला जागा मिळणार नाही तिचं कंत्राट हंगामासोबत संपणार. भाचीने मग बाप असेल त्या गावी जायचं, आणि बाईंनी दोन खोल्यांत एकटीने राहायचं.

साहेबांनी निवड बाईंच्या शिफारशीवर सोपवली. "तुमच्याइतकं निःपक्षपाती कोण आहे?" असं ते म्हणाले. शिव्या खायला दुसरं माणूस मिळालं की साहेब लोक असेच भारावतात.

आकडे स्वच्छ होते. गार्डच्या चुका जवळजवळ नव्हत्याच. भाची हात वर करून बास्केटखाली उभी, आणि तिचा गुणांचा रकाना उपाशी.

"आत्या, जागा कुणाला देणार?" जेवताना भाचीने विचारलं.

"आकडे सांगतील तिला."

"मग काय सांगतायत?"

"अजून भात वाढू का?"

"म्हणजे मी गेले," भाची म्हणाली, आणि भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोचने बाहेरगावच्या सामन्यांचे कागद आणून बाईंपुढे टाकले.

"परक्यांनी मोजलेले," बाई म्हणाल्या.

"हो, पण परके तुमच्याच भाचीवर एवढे मेहेरबान का, ते तरी शोधा."

बाहेरगावी भाची धो धो गुण करत होती. बाईंनी चष्मा पुसला. मग एकेक कारण घेतलं. फरशी? बॉल? तिकडचे संघ दुबळे? प्रवासाचा शीण? पण शिणलेलं माणूस वाईट खेळतं, बरं नव्हे. सगळी कारणं धुऊन वाळत घातल्यावर दोरीवर एकच फरक लोंबत राहिला: इथल्या सामन्यांना बाई हजर असत, तिथल्यांना नसत.

सरावाच्या वेळी त्यांनी गार्डला गाठलं. ती बुटाची नाडी बांधत होती.

"का गं, बाहेरगावी तू हिला सारखा बॉल देतेस, मग इथे का नाही देत?"

गार्डने कोचकडे पाहिलं. कोच भिंतीकडे पाहत होता.

"बाई, ती उभी असते गर्दीत. दोघी-तिघी अंगावर. त्या गर्दीत दिलेल्या पासांतले बरेच हुकतात, उरलेल्यांवर ती गुण काढते. हुकलेला पास तुमच्या तक्त्यात कुणाच्या नावावर पडतो?"

"देणारीच्या."

"मग? मलाही नोकरी हवीय ना."

"सगळ्याच असं करता?"

"तुमच्या खुर्चीला आम्ही विजेची डीपी म्हणतो, बाई. जवळ गेलं की झटका."

बाईंनी खुर्चीकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "हिला माहीत आहे हे?"

"तीच म्हणाली, आत्याला सांगू नका. एवढ्या हौसेने येते म्हणे."

कोचला आनंद लपवता आला नाही. "बघा! मी काय म्हणत होतो? वातावरण!"

"वातावरण कसलं? मी!"

"तेच म्हणतोय मी."

"आणि हे कळलं कशावरून? आकड्यांवरून."

दोघांपैकी कुणीच हरलं नाही. अडचण वेगळीच होती. तक्ता चुकला हे बाईंना कळलं ते नेमकं भाचीच्या फायद्याच्या मुहूर्तावर. उत्तर नावडतं निघालं म्हणून रीत बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी जन्मभर नापास केलं होतं. म्हणून त्यांनी अजून एक सामना, आपण हजर नसताना, तपासायचं ठरवलं. घरच्या कोर्टावर एक मैत्रीचा सामना उरला होता. बाई गेल्या नाहीत. भाचीला सांगितलं, कंबर धरलीय.

संध्याकाळभर त्यांनी फळीवरचे डबे उतरवले, पुसले आणि परत लावले. शेवटी कोचचा फोन आला.

"बाई, काय खेळली पोरगी!"

"गुण किती?"

"भरपूर!"

"भरपूर हा आकडा नव्हे. पास किती हुकले?"

"हुकले की काही."

"अरे, तक्ता कुणी भरला?"

"कुणीच नाही. तुमच्या खुर्चीवर मी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. मोजलं असतं तर अशा खेळल्या असत्या का?"

आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग अशा रीतीने यशस्वी झाला आणि पुरावा शून्य.

साहेबांच्या खोलीत बाई कागदाशिवाय गेल्या.

"माझा हंगामभराचा तक्ता रद्दीत घाला," त्या म्हणाल्या. "भाचीचे गुण गार्डने हुकायच्या जोखमीवर दिलेल्या पासांवर उभे आहेत. एकीला ठेवून दुसरीला काढलंत, तर जिला ठेवाल तीही अर्धीच उरेल. दोघींना ठेवा."

"पण जागा एक आहे, बाई."

"मग जागा राहू द्या. दोघींचं कंत्राट वाढवा."

साहेबांच्या चेहऱ्यावर पहाट झाली. कायम जागा भरायचीच नाही, हे त्यांना इतके दिवस सुचलं नव्हतं. त्यांनी बाईंसाठी चहा मागवला.

घरी आल्यावर बाईंनी भाचीला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी जात नाही?"

"या वर्षी तरी नाही."

"आणि कायम कुणीच नाही?"

"नाही."

"साहेब काय म्हणाले?"

"खूश झाले. चहा दिला."

"चहा दिला? मग नक्कीच काहीतरी चुकलंय, आत्या."

बाईंनाही तोच संशय होता. शिफारस निव्वळ आकड्यांवरून केली, असं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. ती करताना घरातल्या रिकाम्या खोलीचा विचार मनात नव्हताच, हे तपासायला मात्र कुणी परकं माणूस हवं होतं.

भाचीने आतल्या खोलीत जाऊन गार्डला फोन लावला. आधी फोनमधून आरडाओरडा ऐकू आला, शब्द कळेनात पण सूर कळत होता. नोकरी कायम होता होता राहिली की माणसं त्याच सुरात बोलतात. मग भाची हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. आणि मग भाची हसायला लागली, पार दम लागेपर्यंत, आणि पलीकडचीही हसत असावी. कुणाला हसतायत, हे विचारायला बाई आत गेल्या नाहीत.